वेताळाचं जंगल, खानदेशचं रान

मार्च 1964 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ काढणाऱ्या बेनेट, कोलमन कंपनीने मुंबईतून एक पातळ, रंगीत चित्रपुस्तक बाजारात आणलं. वर नाव होतं ‘इंद्रजाल कॉमिक्स’ आणि आत वेताळाच्या, म्हणजे मूळच्या ‘फँटम’च्या, पट्ट्याची गोष्ट. या मालिकेचा शेवटचा अंक 1990 मध्ये निघाला तेव्हा एकूण अंक झाले होते 803. क्रमवारीतले 123 आणि 124 हे दोन अंक संपामुळे छापलेच गेले नाहीत. सव्वीस वर्षांत मासिकाचं पाक्षिक झालं, पाक्षिकाचं साप्ताहिक झालं, वाचकांची एक पिढी मोठी होऊन दुसरी आली. इंग्रजी, हिंदी, बंगाली, गुजराती, तमिळ या भाषांबरोबर ते मराठीतही निघत राहिलं. महाराष्ट्रातल्या लहान गावांतल्या असंख्य मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरलेलं रंगीत पुस्तक म्हणजे इंद्रजालच.

पिंपळनेर हे खानदेशातलं असंच एक गाव. साक्री तालुक्यातलं, पांझरेच्या काठचं बाजारपेठेचं गाव. एक रस्ता साक्रीवरून धुळ्याकडे, एक सटाण्याकडे, आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या उत्तर टोकाचे डोंगर. डोंगरापलीकडे गुजरात. रेल्वे इथं नाही, म्हणजे फलाटावरचा पुस्तकांचा स्टॉलही नाही. भुसावळ, जळगाव, अमळनेर, नंदुरबार इथल्या मुलांना स्टेशनवर जे सहज दिसायचं, ते रुळांपासून दूरच्या गावांना एसटीच्या भरवशावर मिळायचं. तालुक्याला गेलेला वडीलधारा माणूस येताना एखादा अंक घेऊन आला, तर तो घरात एकट्याचा राहत नसे. आळीभर फिरायचा, मधली पानं सुटायची, मुखपृष्ठ गळून पडायचं, तरी पुढच्या हातात जायचा. ज्या गावांत दुकानदार दोरीवर अंक टांगून भाड्याने देत, तिथं तर एकेका प्रतीला किती वाचक मिळाले याची मोजदाद कुणी करू शकणार नाही. विकलेल्या प्रतींच्या आकड्यांवरून इंद्रजालचा प्रभाव मोजायला गेलं तर खरा वाचक हिशेबातून सुटतोच.

इंद्रजाल हे कुणा एका नायकाचं पुस्तक नव्हतं. पहिले 32 अंक वेताळाचे झाले खरे, पण त्यानंतर जादूगार मँड्रेक आला, अंतराळात फिरणारा फ्लॅश गॉर्डन आला, चष्मा लावणारा सभ्य गुप्तहेर रिप कर्बी आला, विमानं उडवणारा बझ सॉयर आला, पुढे इंग्लंडचा गार्थही आला. एकाच छत्राखाली अनेक नायक, दर अंकाला वेगळी पाळी. वाचक नायकासाठी थांबायचा, पण निष्ठा असायची ती इंद्रजालवर. वेताळ अपेक्षित असताना रिप कर्बी निघाला तर चेहरा पडायचा, आणि तरी अंक वाचून व्हायचाच.

जगातल्या कॉमिक्सचा इतिहासही याच वाटेने गेलेला आहे. अमेरिकेत 1934 मध्ये ‘फेमस फनीज’ नावाचं नियतकालिक निघालं, ते वर्तमानपत्रांत आधी येऊन गेलेल्या चित्रपट्ट्या पुन्हा छापूनच. त्या पट्ट्या एकत्र बांधून विकता येतात हे लक्षात आल्यावर नव्या गोष्टींची भूक वाढली आणि 1938 मध्ये ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन अवतरला. तो अंकही संकलनच होता. सुपरमॅन त्यातल्या अनेक गोष्टींपैकी एका गोष्टीचा नायक होता. इंद्रजालने तीस वर्षांनी भारतात तेच केलं: आधी बाहेरच्या पट्ट्या कापून, जुळवून पुस्तक बांधलं आणि वाचक तयार झाल्यावर त्यात आपला माणूस आणला. म्हणून भारतीय कॉमिक्सच्या इतिहासात त्याला नुसतं ‘परदेशी मालाचं दुकान’ म्हणणं अन्यायाचं आहे.

ही जुळवाजुळव सोपी नव्हती. मूळ पट्टी रोजच्या वर्तमानपत्रासाठी काढलेली असायची, तीन-चार चौकटींची. दररोज शेवटच्या चौकटीत उत्कंठा ताणायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकटीत कालचं थोडक्यात सांगायचं, अशी तिची रीत. ती सलग पुस्तकात बसवताना पुनरुक्ती काढावी लागे, चौकटी नव्याने मांडाव्या लागत, पानांच्या मापात गोष्ट छाटावी लागे. काळ्यापांढऱ्या पट्टीला रंग इथं चढत. फुग्यातलं इंग्रजी वाक्य मराठीत येताना लांबतं, फुगा मात्र तेवढाच राहतो. इंद्रजालच्या मराठीतला तो तुटक, आटोपशीर, धावता बाज या अडचणीतून आला असावा, आणि लहान वाचकाला तोच मानवला. मुखपृष्ठं पूर्णपणे इथली होती. गोविंद ब्राह्मणिया हे बी. गोविंद या नावाने ती रंगवत. आतल्या रेखाटनांपेक्षा त्यांचा वेताळ अधिक भरदार, अधिक नाट्यमय असे. दुकानात दोरीवर टांगलेल्या अंकाकडे मुलाचे पाय ओढले जात ते गोविंद यांच्या ब्रशामुळे. अमेरिकन चित्रकारांची नावं मानाने घेतली जातात, तो मान या माणसालाही मिळायला हवा.

या आरंभीच्या काळात टाइम्समध्ये काम करणारे अनंत पै इंद्रजालशी जोडलेले होते. कारकळचे पै मुंबईत वाढले. परक्या नायकांचं पुस्तक भारतीय मुलं किती आवडीने वाचतात हे त्यांनी जवळून पाहिलं आणि 1967 मध्ये इंडिया बुक हाउसकडे ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांचे हात त्या मालिकेत रमले. पुढे 1986 मध्ये राज कॉमिक्सचा ‘नागराज’ हिंदीत आला, त्याचं पहिलं रूपही पुण्याच्या मुळीकांनीच घडवलं. या सगळ्या वंशावळीच्या मुळाशी 1964 चा तो पातळ अंक आहे.

आता वेताळाकडे. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 17 फेब्रुवारी 1936 रोजी ‘द फँटम’ ही पट्टी सुरू केली, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि बुबुळं न दाखवणारा मुखवटा, ही पुढच्या कितीतरी महानायकांची खूण याच्यापासून सुरू झाली. वेताळाकडे दैवी शक्ती नाही. त्याच्याकडे आहे ती परंपरा. 1536 मध्ये समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचलेला एक गोरा माणूस किनाऱ्याला लागतो, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढण्याची शपथ घेतो. त्याचा मुलगा, नातू, पणतू तोच पोशाख चढवतात. पिढ्या बदलतात, रानातल्या लोकांना मात्र वाटतं की हा एकच माणूस आहे, त्याला मरण नाही. आपण वाचतो तो एकविसावा. कवटीची अंगठी, दाट रानातली गुहा, बुटक्या बांदर जमातीचे लोक आणि दर थोड्या पानांनी येणारी ‘जंगलातली जुनी म्हण’, एवढ्यावर ही गोष्ट साठ वर्षं लिहून फॉक 1999 मध्ये वारला.

खानदेशच्या वाचकाने मात्र इथं थांबून स्वतःच्या जिल्ह्याचा इतिहास उघडावा.

1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. सातपुडा आणि सह्याद्रीच्या डोंगरांतल्या भिल्लांना शस्त्राच्या बळावर काबूत ठेवणं त्यांना जमेना. मुंबईचा गव्हर्नर एलफिन्स्टन याच्या कारकिर्दीत, 1825 मध्ये, भिल्लांचीच पलटण उभारायचं ठरलं आणि ते काम बाविशीच्या जेम्स आउट्रामकडे आलं. या तरुण गोऱ्या अधिकाऱ्याने भिल्लांमध्ये ऊठबस ठेवली, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी केल्या, धाडसाने त्यांची मनं जिंकली आणि खानदेश भिल्ल कोअर उभी केली. तिचं ठाणं होतं आजच्या जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव. जवळपास दहा वर्षं तो इथं होता. इंग्रजांनी पुढे त्याच्या कहाण्या रंगवून सांगितल्या: रानातल्या लोकांचा विश्वास कमावलेला निर्भय गोरा साहेब. त्या कहाण्यांत एक गोष्ट खालच्या आवाजात येते. ही पलटण उभारली गेली ती भिल्लांच्याच बंडांचा बंदोबस्त करण्यासाठी.

रडयार्ड किपलिंगने 1897 मध्ये एक दीर्घकथा लिहिली, तिचं नाव ‘द टूम ऑफ हिज अँसेस्टर्स’. पुढच्या वर्षी ती ‘द डेज वर्क’ या संग्रहात आली. कथा घडते सातपुड्यातल्या भिल्लांमध्ये. जॉन चिन नावाचा तरुण इंग्रज अधिकारी भिल्लांच्या पलटणीत रुजू होतो. त्याचा बाप तिथंच नोकरीला होता, आजोबाही तिथलाच आणि आजोबाची कबर डोंगरात आहे. भिल्ल मानतात की हा नातू म्हणजे तोच जुना जॉन चिन परत आलेला. देहावरची खूणही जुळते. देवीच्या लशीला घाबरून बिथरलेले लोक केवळ त्याच्या शब्दाखातर शांत होतात.

पिढ्यान्‌पिढ्या चालणारं एक गोरं घराणं, रानातली समाधी, आणि तोच अमर माणूस पुन्हा आला असं मानणारे वनवासी! वेताळ जन्माला येण्याच्या एकोणचाळीस वर्षं आधी हा सगळा साचा तापीच्या उत्तरेकडच्या डोंगरांवर बेतून तयार होता. फॉकने टारझन आणि किपलिंगचं ‘जंगल बुक’ यांचं ऋण मानलेलं आहे. बांदर हे नाव त्याच वाटेने आलं. ही विशिष्ट कथा त्याच्या डोळ्यांखालून गेली होती, असं कुणी ठामपणे म्हणू नये. तसं म्हणण्याची गरजही नाही. साम्राज्याच्या काळात रानाबद्दल, रानातल्या माणसाबद्दल आणि त्याला ‘सांभाळणाऱ्या’ साहेबाबद्दल जी कल्पना इंग्रजी वाचकांच्या मनात पक्की बसली, तिचा एक कारखाना खानदेशच्या डोंगरांत होता. साक्री-नवापूरच्या मुलाच्या हातात वेताळ पडला, तेव्हा ती कल्पना अमेरिका फिरून घरी परत आली होती.

ज्या मुलांच्या वर्गात कोकणी, भिल्ल, मावची घरांतली मुलं शेजारी बसत, त्यांना चित्रातलं रान मात्र गोऱ्या राजाचं दिसत होतं आणि बांदरांचा मुखिया गुर्रन व त्याचे लोक त्या राजाच्या आज्ञेत. खानदेशच्या रानाचा खरा इतिहास वेगळा आहे. सेंधव्याच्या घाटात पहाऱ्याची नोकरी केलेला खाज्या नाईक 1857 मध्ये इंग्रजांविरुद्ध उठला. भीमा नाईक त्याच्याबरोबर होता. एप्रिल 1858 मध्ये आंबापाणीला भिल्लांनी इंग्रज फौजेशी झुंज दिली आणि कितीतरी जणांना बलिदान द्यावं लागलं. त्यावर रंगीत चित्रपुस्तक साठ-सत्तरच्या दशकांत एसटीने कधी आलं नाही. वेताळावर मनापासून प्रेम करणाऱ्यांनीही हे मान्य केलं पाहिजे. प्रेमाला त्याने उणेपणा येत नाही.

फॉकच्या बाजूनेही सांगायला हवं. तो जागचा हलला नाही असं नाही. साठच्या दशकात आफ्रिकेतले देश स्वतंत्र होऊ लागले तसा वेताळाच्या कल्पित देशातही लोकांनी निवडलेला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष आला, डॉक्टर लमांडा लुआगा. जंगल गस्ती दलाचं नेतृत्व कर्नल वोरूबूकडे गेलं. मँड्रेकचा साथीदार लोथार आधी बिबट्याचं कातडं पांघरून मोडकंतोडकं बोलायचा. 1965 च्या सुमारास फ्रेड फ्रेडरिक्स या नव्या चित्रकाराच्या हाती तो बरोबरीचा मित्र झाला. मुंबईच्या संपादकांनीही हात राखून काम केलं नाही. मूळ गोष्टीतल्या देशाचं नाव बंगालची आठवण देणारं होतं, ते बदलून त्यांनी डेंकाली केलं. चाच्यांच्या टोळीचं ‘सिंग’ हे नाव शीख समाजाला लागेल असं होतं, ते ‘सिंगा’ झालं. मूळ अन्नाला घरचा मसाला लावावा तसं हे काम होतं, आणि ते जपून झालं.

पण खरी उडी डिसेंबर 1976 मध्ये पडली. त्या महिन्यात इंद्रजालमध्ये ‘बहादूर’ आला. लेखक होते आबिद सुरती, ‘धर्मयुग’मधल्या ‘ढब्बूजी’ या व्यंगपट्टीचे जनक, आणि चित्रं होती गोविंद यांची. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नायकांना मुखपृष्ठावर रंगवणाऱ्या चित्रकाराला आतली पानंही मिळाली. बहादूर जयगढ गावचा, चंबळच्या परिसरातला. बाप भैरवसिंग दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीने मेलेला. मुलगा सूडाच्या आगीत वाढतो, आणि बाप काय होता हे उमगल्यावर दरोडेखोरांविरुद्ध उभा राहतो. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. मुखवटा नाही.

त्या काळात चंबळची चर्चा घराघरांत होत होती. एप्रिल 1972 मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या प्रयत्नांनी तिथल्या दरोडेखोरांनी शस्त्रं खाली ठेवली होती. ऑगस्ट 1975 मध्ये ‘शोले’ लागला होता. पण ‘शोले’मध्ये गाव वाचवायला बाहेरून दोन भाडोत्री माणसं आणावी लागतात. बहादूर गावातच राहतो आणि गावकऱ्यांनाच शिकवून तयार करतो. त्याने उभारलेलं नागरिक सुरक्षा दल ही त्या मालिकेतली सगळ्यात मोलाची कल्पना होती. साथीला असलेली बेलाही शोभेची बाहुली नव्हती, ती स्वतः लढायची. पुढे जगजित उप्पल यांनी या गोष्टी लिहिल्या. वेताळ अधिक लोकप्रिय राहिला हे खरं. तरी इंद्रजालच्या 803 अंकांत भारतीय कॉमिक्सला पुढे नेणारं पाऊल कोणतं, असं विचारलं तर उत्तर बहादूर हेच आहे.

गावानेच गाव राखायचं, ही गोष्ट पिंपळनेरच्या परिसराला पुस्तकात वाचून शिकावी लागली नाही. पिंपळनेरच्या पुढे डोंगरात बारीपाडा नावाचं लहानसं आदिवासी गाव आहे. तिथलं रान तोडीने उजाड झालं, विहिरी आटल्या, तेव्हा नव्वदच्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने समिती केली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लावली, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला, राखणीला माणसं नेमली. सुमारे 1100 एकर रान पुन्हा उभं राहिलं, पाणी परत आलं. आता तिथं वनभाज्यांचा महोत्सव भरतो. पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. रान राखणारा मुखवट्याआडचा एकटा वीर असतो, असं शिकवणारी मालिका बंद पडली त्याच सुमारास, पिंपळनेरच्याच पंचक्रोशीत, रान राखण्याचं काम एका गावाने मिळून सुरू केलं. यावर अजून एक चांगलं मराठी चित्रपुस्तक व्हायचं आहे. खाज्या नाईकावरही व्हायचं आहे. चित्रकार आहेत, वाचकही आहेत.

इंद्रजाल 1990 मध्ये थांबलं. तोवर घरोघर दूरदर्शन पोचलं होतं. 1987 पासून रविवारची सकाळ ‘रामायणा’ने आणि नंतर ‘महाभारता’ने घेतली होती. दिल्लीहून डायमंड कॉमिक्सचा चाचा चौधरी स्वस्तात गावोगाव जात होता. वेताळ स्वतः मात्र संपला नाही. ऑस्ट्रेलियात फ्रू या प्रकाशनाने 1948 मध्ये त्याचं पुस्तक सुरू केलं, स्वीडनमध्ये ‘फँटोमेन’ 1950 मध्ये सुरू झालं, आणि ती दोन्ही या शतकातही चालू राहिली. स्वीडनमध्ये त्याचा पोशाख निळा, इटलीत लाल, आपल्याकडे जांभळा. दूरच्या देशांत त्याच्या पुस्तकांना इतका दीर्घ संसार मिळाला आणि भारतात इंद्रजालला सव्वीस वर्षांत गाशा गुंडाळावा लागला, याची खंत वाटते.

त्याहून मोठी खंत मराठी अंकांची आहे. इंग्रजी इंद्रजालचे संग्राहक देशभर आहेत, जुन्या अंकांना ते चांगली किंमत मोजतात. मराठी प्रती मात्र हातोहात फिरून झिजल्या, आणि उरल्या त्या रद्दीत गेल्या. आपल्याकडे कॉमिक्सला वाङ्मय मानायची पद्धत नाही, म्हणून बहुतेक वाचनालयांनी ती दप्तरी नोंदवून ठेवलीच नाहीत. त्यांतलं भाषांतर, त्यांतली अक्षरं, मधल्या पानांवरच्या जाहिराती, हे सगळं 1964 ते 1990 च्या मराठी बालवाचनाचं कागदपत्र आहे. जुनी कागदपत्रं जपण्याची मोठी परंपरा याच जिल्ह्याची आहे, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ हे तिचं नाव. पिंपळनेर, साक्री, शहादा, अमळनेर, चोपडा, कुठंही घराच्या माळ्यावर किंवा जुन्या पत्र्याच्या पेटीत इंद्रजालचे मराठी अंक असतील, तर मुखपृष्ठ नसलं, पानं फाटली असली तरी ते रद्दीला घालू नका. गावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या आणि ग्रंथपालाकडून नोंद करून घ्या.